मोतियाची टेकडी आणि माझं नाक

माझे वडील पुसदच्या कचेरीत कारकून होते, आजोबाही कारकून होते, आणि त्यांच्याआधीचे जे कोणी असतील तेही कुठल्या ना कुठल्या दप्तराला टेकूनच बसलेले असणार. त्यामुळे ‘थोरला काय करतो?’ असं कोणी विचारलं की वडिलांची पंचाईत व्हायची. ‘तेलाच्या लाइनीत आहे,’ म्हणून ते विषय बदलायचे. समोरच्याला वाटायचं सरकीचं तेल असेल, नाहीतर शेंगदाण्याचं. आपला मुलगा गवताचं तेल हुंगतो आणि त्याबद्दल त्याला पगार मिळतो, हे सांगायला त्यांची जीभ शेवटपर्यंत रेटली नाही.

मी मात्र कधी लाजलो नाही. वडिलांनी जन्मभर फायलींची धूळ नाकात घेतली आणि मी सुगंध घेतला. दोघांचंही नाकच कामाला होतं, माझ्या वाट्याला माल बरा आला इतकंच.

ज्या गवतावर माझं घर चाललं ते रोशा गवत. कोणी त्याला रोयसा म्हणतं, कोणी तिखाडी. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात टेकडीवर गेलेल्या प्रत्येकाला ते दिसलेलं आहे आणि कोणीही थांबून त्याच्याकडे पाहिलेलं नाही. दिसायला विशेष काही नाही, हे आधीच सांगून टाकतो. एकदा ठोंब धरला की वर्षानुवर्षं त्याच जागी. उन्हाळ्यात पार वाळून काड्या होतात, आपण म्हणावं मेलं, आणि दोन सरी पडल्या की बुडातून पुन्हा हिरवं. पावसाळा सरेपर्यंत ते माणसाच्या डोक्यावर जातं. पान चांगलं रुंद, हिरव्यात निळसर झाक असलेलं, आणि बुडाशी पसरट होऊन काडीला दोन्ही बाजूंनी कवटाळून बसलेलं. दिवाळीच्या आसपास तुरा येतो. तो आधी फिकट असतो, मग तांबूस होतो, आणि लांबून टेकडीला गंज चढल्यासारखा दिसतो. गुरं कोवळेपणी तोंड लावतात, पुढे त्याच्या वाटेला जात नाहीत. गुरांना सुगंधी चारा आवडत नाही, त्यांच्या बाबतीत माझी एवढीच तक्रार आहे.

हे गवत कुठं सापडतं, हे मला यवतमाळच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या नलिनीबाईंनी सांगितलं. त्या एकदा मुलामुलींची सहल घेऊन फुलसावंगीकडच्या तेल काढायच्या भट्टीवर आल्या होत्या. राजस्थानापासून मध्य प्रदेश, खानदेश, मेळघाट, आपला जिल्हा आणि खाली थेट आंध्रापर्यंत याचा पसारा. पाऊस बेताचा, ऊन भरपूर, सागाचं विरळ रान आणि मुरमाड उतार मिळाला की हे खूश. कोकणात नेऊन लावलं तर पायाशी पाणी राहून कुजेल, असं बाई म्हणाल्या. कोकणात न टिकणारं आणि यवतमाळात माजणारं असं काहीतरी जगात आहे, हे ऐकून मला बरंच वाटलं.

आता खरी गंमत. रोशा दोन जातींचं असतं, एक मोतिया आणि दुसरी सोफिया. जात दोन, रूप एक. जुळ्या भावांत एक तालेवार निघावा आणि दुसरा उडाणटप्पू, तसा प्रकार. मोतियाच्या तेलाला गुलाबाच्या अंगाचा वास, मागून थोडं लिंबू, थोडं ओलं गवत. हे तेल साबणात जातं, अत्तरात जातं, आणि पूर्वी म्हणे परदेशी गुलाबाच्या अत्तरातसुद्धा गुपचूप जायचं. म्हणजे कुठली तरी बेगम आमच्या पुसदचं गवत अंगाला लावून मिरवत होती. सोफियाच्या तेलाला मात्र जिऱ्यात टर्पेन्टाइन ओतल्यासारखा वास. ते घ्यायलाही कोणी तरी असतं, पण सुगंधाच्या धंद्यात त्याला कोणी दारात उभं करत नाही. आणि मोतियाच्या भट्टीत सोफियाचे चार भारे जरी गेले, तरी सगळा डबा बाटतो.

तेल काढायची रीत सोपी आहे, म्हणजे बघायला सोपी. ओढ्याकाठी चूल, चुलीवर माणूस उभा राहील एवढी देग. फुलावर आलेलं गवत तिच्यात तुडवून भरायचं, पाणी घालायचं, झाकण चिखलाने लिंपायचं आणि खाली जाळ. वाफ नळीतून निघून ओढ्याच्या गार पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरते. तिथं पाणी खाली आणि तेल वर. वरचं तेल हलक्या हाताने काढून घेतलं, फडक्यातून गाळलं की झालं. यात जाळ जास्त झाला तर तेलाला करपट वास येतो, कमी झाला तर तेल गवतातच राहतं, आणि लिंपण सुटलं तर तेल आकाशात जातं.

माझं काम त्याच्या पुढचं. डबा उघडायचा, कागदाची पट्टी बुडवायची, एकदा लगेच हुंगायची आणि एकदा पट्टी वाळल्यावर. अस्सल मोतिया वाळल्यावरही गुलाबच राहतो. सोफियाचा सोंगाडेपणा वाळल्यावर उघडा पडतो. पाच-सहा पट्ट्या झाल्या की नाक गोंधळतं. मग स्वतःच्या सदऱ्याची बाही नाकाशी धरायची, एक लांब श्वास घ्यायचा आणि पुन्हा सुरुवात करायची. नाकाची पाटी पुसायची ही आमची जुनी युक्ती. तपासणीच्या दिवशी कांदा नाही, लसूण नाही, आणि सुपारी-तंबाखू घोटलेला खर्रा तर जन्मात नाही. खर्रा न खाता पुसदमध्ये हयात काढणं ही माझ्या मते तपश्चर्याच आहे, पण तिची कोणी दखल घेतली नाही.

नाक प्रसिद्ध झालं की त्याला विश्रांती नसते. गल्लीत कोणाच्या माळ्यावर उंदीर मेला की मला बोलावणं. मी बैठकीतून, स्वयंपाकघरातून सावकाश चालत जायचो, घरचे लोक माझ्यामागे रांगेने, आणि मी शेवटी बोट दाखवायचो: या ट्रंकेमागे. उंदीर तिथंच असायचा. यवतमाळचे एक गृहस्थ टकलावर लावायला रोशा तेल नेत असत. केस आले नाहीत, पण डोक्यावर डास बसेनासे झाले, आणि ते त्यातही समाधानी होते. एकदा एका ठाण्यातून निरोप आला की तेलाचे म्हणून डबे पकडलेत, आत दारूच असणार, येऊन सांगा. मी गेलो आणि झाकण उघडताच म्हणालो, ‘साहेब, हे खरंच रोशा तेल हाय.’ तेव्हा कळलं की हवालदारसाहेबांनी आपल्या पद्धतीने तपास आधीच उरकला होता. ते मागच्या नळावर चूळ भरत होते, आणि दुपारपर्यंत भरतच होते.

हे सगळं मी फार मजेत केलं. नाक हे आपलं स्वतःचं आहे, ते कोणी काढून घेऊ शकत नाही, अशी एक घमेंडही मला होती.

मग ती साथ आली. सगळ्या जगाचा वास गेला तेव्हा माझाही गेला. जगाचा परत आला, माझा आला नाही.

सुरुवातीला मी वाट पाहिली. मग कापूर हुंगला, ओवा हुंगला, हिंगाच्या डबीत नाक घातलं. यवतमाळच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि म्हणाले, ‘काका, या वयात येईल किंवा येणार नाही.’ एवढं तर मला घरी बसूनही माहीत होतं. एके दिवशी गॅसवर दूध करपून घरभर धूर झाला आणि मी शेजारच्या खोलीत निवांत पेपर वाचत होतो. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. पंगतीत वाढपी आपल्यालाच विसरून पुढे जातो तेव्हा जसं वाटतं तसं वाटत राहिलं, आणि ते वाटणं गेलं नाही.

आमच्या घरी आणखी एक नाक होतं, माझ्या बायकोचं. कुसुमला रोशाचा लग्नापासून राग. सगळ्या धुण्याला वास लागतो, गाद्यांना लागतो, पाहुणे विचारतात, अशी तिची तक्रार. मी एक दिवस कपाटातून नमुन्याच्या दोन बाटल्या काढल्या, एकीत सोफिया आणि एकीत मोतिया, आणि तिला म्हटलं, सांग. तिने पहिली हुंगली आणि तोंड वाकडं केलं.

‘हे झुरळाचं औषध हाय.’

ती सोफिया होती. मला आशा वाटली. दुसरी तिने हुंगली, पुन्हा हुंगली, उलटी-सुलटी करून पाहिली.

‘यात काहीच नाही. रिकामी हाय का हो?’

‘अवं, भरेल दिसून राह्यली ना तुले.’

‘मंग पाणी असन,’ असं म्हणून ती भाजी चिरायला निघून गेली. आमच्या घरातलं दुसरं नाकही बाद, असा मी निकाल दिला आणि बाटल्या कपाटात ठेवल्या.

साथीनंतर भट्टीही थंडच पडली होती. आमच्या भागातल्या बाकी भट्ट्या आधीच एकेक करून बंद झाल्या होत्या. आता शेतात लागवड केलेल्या रोशाचं तेल कारखान्यांतून येतं. ते दर वेळी एकसारखं असतं आणि त्याला टेकडी चढावी लागत नाही. उरली होती ती फुलसावंगीच्या बाहेर ओढ्यावरची जब्बारभाईंची एकच. जब्बारभाई म्हणजे तीन पिढ्यांचे भट्टीवाले. देगेला कान लावून आत पाणी किती उरलं ते सांगणारा माणूस. पण वासाच्या बाबतीत शून्य. सगळी उमर धुरात आणि खर्ऱ्यात गेलेली, त्यामुळे त्यांना मोतिया आणि चहा यांतलाच फरक कळला तर कळायचा. नाकाचं खातं त्यांनी कायमचं माझ्याकडे दिलेलं होतं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला त्यांचा फोन आला. ‘भाऊ, भट्टी पेटवून राह्यलो. पंडितजी येणार हाय.’

पंडितजी म्हणजे कनौजचे अत्तरवाले, जंगली रोशाचं तेल मागणारे शेवटचे गिऱ्हाईक. त्यांना दुसरीकडून दोनदा भेसळीचं तेल मिळालं होतं आणि ते चिडले होते. ते जब्बारभाईंना म्हणाले होते की यंदा मी स्वतः येऊन हुंगणार. माल शुद्ध असेल तर दरवर्षी घेईन. मिसळलेला निघाला तर राम राम, मग मला शेतातलं तेल बरं. म्हणजे एका डब्यावर भट्टी राहणार की मोडीत जाणार हे ठरणार होतं. जब्बारभाईंचं वय माझ्याएवढंच. दुसरं काही काम त्यांना येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही येत नव्हतं.

‘जब्बारभाई,’ मी म्हटलं, ‘मले वास येत नाही.’

‘तुमी बी काय भाऊ, मजाक करून राह्यले.’

‘मजाक नाही. साथीत गेला तो गेलाच.’

‘अरे, आमचा बी गेलता ना. आला की वापस.’

‘तुमचा होता कुठं?’

ते खो खो हसले आणि ‘सोमवारी या, कापणी लावतो’ म्हणून फोन ठेवला. मी आढेवेढे घेतोय, मला पालखी पाठवून आणावं लागेल, अशी त्यांची समजूत झाली असावी.

सोमवारी मी गेलो. कापणी नेहमीप्रमाणे मोतियाच्या टेकडीवर लागायची होती. आमच्या धंद्यात जागेवरून जात ठरते. चढावरच्या कोरड्या मुरमात मोतिया आणि सखल ओलीत सोफिया, हा बाप-आजापासूनचा नेम. त्यामुळे ओढ्याच्या वरच्या अंगाच्या या टेकडीला मोतियाची टेकडी म्हणतात आणि तिच्यावर उगवेल त्याला मोतिया म्हणतात. गवत कापणाऱ्या बाया तिथं डोळे मिटून विळा घालतात. दर हंगामात मी पायथ्याशी उभा राहून एक पान चुरगाळायचो, हुंगायचो आणि ‘चालू द्या’ म्हणायचो. टेकडी चढायची मला कधी गरज पडली नव्हती.

त्या दिवशीही मी पान चुरगाळलं. हात ओला झाला, बाकी काही नाही. जब्बारभाई, आणि त्यांच्यामागे विळे घेतलेल्या बाया, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. ‘चालू द्या’ एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. मला ते म्हणवेनात. मी म्हटलं, जरा वर जाऊन येतो.

आणि मग मी त्या गवताकडे पाहिलं. जन्मभर त्याच्यावर जगलो, पण नाक होतं म्हणून डोळ्यांनी कधी धडपणे पाहिलं नव्हतं. मला नलिनीबाई आठवल्या. सहलीच्या वेळी त्यांनी मुलांना दोन ताटं शेजारी धरून दाखवली होती. मोतियाची पानं काडीपासून चांगली फाकून आडवी होतात, सोफियाची उभी, काडीला धरून राहतात. मोतियाचे ठोंब सुटे सुटे, मध्ये माती दिसते. सोफिया मात्र सतरंजी अंथरल्यासारखी सगळी जमीन झाकून टाकते. नेहमीच असं दिसेल याची खात्री नाही, पण बहुधा दिसतं, असंही त्या म्हणाल्या होत्या. मी तेव्हा मुलांसमोर शेखी मिरवली होती. ‘बाई, तुमी कोन मोजा, मी वास घेतो. कोण आधी घरी जाते ते पाहू.’ मुलं हसली होती, बाईही हसल्या होत्या. आज मी टेकडीवर एकटा कोन बघत उभा होतो आणि घरी जायची सोय नव्हती.

वरच्या निम्म्यात सगळं ठीक होतं. सुटे ठोंब, मध्ये लाल मुरूम, पानं हात पसरून उभी. पण कमरेच्या खाली टेकडी बदलली होती. तिथं माती दिसतच नव्हती. गवत एकाला एक लागून, दाट, आणि पानं आकाशाकडे. मी पाय आपटला तर जमीन दबली. कार्तिक लागलेला, आणि टेकडीच्या उतारावर ओल. मी वळून पाहिलं तेव्हा कारण दिसलं. पलीकडच्या अंगाला काही वर्षांपूर्वी पाझर तलाव झाला होता. तलावाने आपलं काम चोख केलं होतं. पाणी पाझरत पाझरत टेकडीत शिरलं होतं, आणि पाण्यामागे सोफिया खालून वर चढून आली होती. टेकडीचं नाव मात्र कोणी तिला सांगितलं नव्हतं.

मी बाईंच्या जुन्याच मोबाइल नंबरवर फोन लावला. नलिनीबाई आता मुलाकडे पुण्याला असतात. मी जे दिसलं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही सांगताय त्यावरून खालची सोफियाच वाटते. पण तुम्ही तर वास घेऊन सांगू शकता ना?’ मी म्हटलं, ‘नाही बाई. आता कोनावरच आलो.’ त्या हसल्या नाहीत. ‘मग खालचं वेगळं ठेवा,’ एवढंच म्हणाल्या.

खाली येऊन मी जब्बारभाईंना सांगितलं की निम्मी टेकडी मोतियात धरू नका.

‘काहून?’

‘खालची सोफिया हाय.’

‘भाऊ, मोतियाच्या टेकडीवर सोफिया? मंग उद्या मशिदीत भजन होईन.’

बाया हसल्या. मी त्यांना पानांचा कोन दाखवला, सुटे ठोंब दाखवले, जमीन दाबून दाखवली. जब्बारभाईंनी पान हातात घेतलं, चावून पाहिलं आणि थुंकलं.

‘तुमाले वास येऊन राह्यला का खरं खरं?’

‘नाही. तेच तर सांगून राह्यलो फोन आला तवापासून.’

‘म्हणजे तुमाले वास येत नाही, अन् तुमी मले सांगून राह्यले का हे सोफिया हाय.’

इतके दिवस त्यांना माझं नाक गेलं हे पटत नव्हतं. पटलं ते नेमकं या वेळी. मला हसूही आलं आणि रागही. मी म्हटलं, ‘जब्बारभाई, सगळी कापा. एका देगेत घाला. पंडितजीले टेकडीचं नाव सांगा, ते नाव हुंगून घेतीन.’

मी जाऊन ओढ्याकाठच्या दगडावर बसलो. मला त्या क्षणी खात्री अजिबात नव्हती, हे कबूल करतो. चुकलो असतो तर त्यांचं निम्मं तेल माझ्या एका शब्दावर फुकट जाणार होतं. चुकलो नसतो आणि त्यांनी ऐकलं नसतं तर भट्टीच जाणार होती. जब्बारभाई टेकडीकडे तोंड करून उभे होते. खर्ऱ्याची पुडी काढली, उघडली, पुन्हा गुंडाळून खिशात ठेवली. मग ते बायांना ओरडले.

‘वरून कापा वं. खालचं राहू द्या. खालचं मागून येगळ्या देगेत.’ आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘तुमचं नाक गेलं, पण तोंड शाबूत हाय.’

पंडितजी आले ते कार्तिकी पौर्णिमेच्या आधी. बारीक माणूस, कडक इस्त्रीचा कुर्ता, बोटांना पिढ्यानपिढ्यांचं अत्तर. जब्बारभाईंनी टेकडीच्या वरच्या भागातल्या तेलाचा डबा पुढे केला. पंडितजींनी पट्टी बुडवली, झटकली आणि नाकाखाली धरली.

जन्मभर लोक माझ्या चेहऱ्याकडे बघत आले. आता मी दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. भुवई हलली, नाकपुडी हलली, मग काहीच हललं नाही. त्यांनी पट्टी वाळायला दगडावर ठेवली आणि चहा मागितला. चहा प्यायले. हवापाण्याची चौकशी केली. जब्बारभाईंच्या कपाळावर घाम, माझ्याही. शेवटी त्यांनी पट्टी पुन्हा उचलली, हुंगली आणि डोळे मिटले. ते डोळे मिटणं मला ओळखीचं होतं. मीसुद्धा असेच मिटायचो.

‘बहुत दिन बाद,’ ते म्हणाले. ‘बहुत दिन बाद असली जंगल का मोतिया.’

मग त्यांनी दुसऱ्या डब्याकडे बोट केलं. ‘और ये?’

जब्बारभाई म्हणाले, ‘वो उसी टेकडी का है, नीचे का. भाऊ बोले अलग रखो.’

पंडितजींनी पट्टी बुडवली, नाकाशी नेली आणि लगेच लांब केली. ‘ये तो सोफिया है. एक ही पहाड़ी पर दोनों?’ मग माझ्याकडे वळून त्यांनी ती पट्टी अदबीने माझ्या हातात दिली. ‘आपकी नाक को सलाम है, साहब.’

मी पट्टी नाकाशी धरली. सवयीने लांब श्वास घेतला. थंड हवा आत गेली आणि तशीच बाहेर आली. खरं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात जब्बारभाईच बोलले. ‘पंडितजी, इनको दो-तीन साल से बास ही नहीं आता. पूरी टेकडी आँख से छाँटी है.’ मला तर त्यांच्याकडे बघवेनाच. पंडितजींना ही थट्टा वाटली, ते मनापासून हसले आणि पुढच्या वर्षाचं बोलून गेले.

सोफियाचे डबे कीटकनाशकवाल्याने नेले. निम्मी टेकडी आता त्याच्या कामाची, आणि ओल अशीच वर चढत राहिली तर बाकीचीही एक दिवस जाईल. मग टेकडीचं काय म्हणायचं असं मी विचारलं तेव्हा जब्बारभाई म्हणाले, ‘मोतियाचीच टेकडी. तुमाले नाही का अजून नाकवाले म्हणत.’

पंडितजी गेले त्या दिवशी मी दोन्ही प्रकारचं गवत पेंडी बांधून घरी आणलं. का आणलं ते सांगता येणार नाही. जिना चढून बेल दाबायच्या आधीच कुसुमने दार उघडलं.

‘तुले कसं समजलं मी आलो म्हून?’

‘वास आला ना तुमचा.’

‘माझा कायचा वास?’

ती म्हणाली, ‘तुमचा तुमचा. लय दिवसांनी आला. मधात घरात वासच नव्हता तुमचा, मले वाटलं वय झालं म्हून असन.’

मी खालच्या सोफियाचं एक पान तिच्या हातावर चुरगाळलं. ‘झुरळाचं औषध,’ ती लगेच म्हणाली. मग वरच्या मोतियाचं चुरगाळलं. तिने हात नाकाशी नेला आणि बराच वेळ तिथंच धरला. मी म्हटलं, घाई करू नको, आधी बाही हुंग, मग पुन्हा घे. तिने स्वतःच्या ऐवजी माझी बाही ओढली, ती हुंगली, मग पुन्हा हात हुंगला.

‘सारखंच हाय,’ ती म्हणाली.

नमुन्याची बाटली तिला रिकामी का वाटली होती, हे मला तेव्हा कळलं: त्या दिवसांत घरभर अजून हाच वास होता, आणि तिच्या लेखी तो तेलाचा नव्हता, माझा होता. मी पेंडी कोपऱ्यात ठेवली आणि सदरा धुवायला टाकला नाही.